ऑक्सिजनला तेल चालत नाही

बायको: पण सांगायचं कुणी?

वेल्डर: वडील कुणाचे आहेत?

बायको: आणि रेग्युलेटर कुणाचा आहे?

वेल्डर: हे बघ, मी सासऱ्यांना रागावू शकत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अजून मी त्यांना "मामा, पंखा बंद करू का" एवढंसुद्धा धड विचारलेलं नाही. गारठत बसतो.

बायको: परवा तो ट्रकवाला बिडी ओढत आत आला, तर त्याला बिडीसकट धरून रस्त्यापर्यंत नेऊन सोडलंत.

वेल्डर: ट्रकवाल्याची मुलगी माझ्या घरात नाही.

बायको: बरं. मी जाऊन सांगते. पण आधी मला नीट कळू दे. झालंय काय नक्की?

वेल्डर: सकाळी ऑक्सिजनचा नवा सिलिंडर आला. तो उभा करून साखळीने भिंतीला बांधला. टोपी काढली. बाजूला उभा राहून व्हॉल्व्ह क्षणभर उघडला, तोंडातली धूळ उडवली, बंद केला. नियम एक ते चार.

बायको: नियम पाठ आहेत मला. भिंतीवर लावलेत, जेवताना समोरच येतात.

वेल्डर: मग दाब आवरायला रेग्युलेटर लावायचा. लावण्याआधी कोऱ्या पांढऱ्या फडक्याने त्याचं तोंड पुसून बघायचं. नियम पाच. पुसलं, तर फडक्यावर हा डाग.

बायको: केवढासा आहे. चण्याएवढा.

वेल्डर: चण्याएवढा भरपूर झाला. तेल आहे ते.

बायको: मग रॉकेलने पुसून टाका.

वेल्डर: रॉकेल म्हणजे काय, गुलाबपाणी? अगं, ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण ज्याला जळायचंय त्याला तो इतका उत्साह देतो की विचारू नकोस. सिलिंडर उघडला, की तो सगळा दाब एकदम या एवढ्याशा तोंडात घुसतो. दाबाने तापतो. तिथे तेल बसलेलं असलं, की त्याला काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. ते आपणहून पेटतं, आणि पितळेचा हा लाडू माझ्या तोंडासमोर फुटतो.

बायको: तुम्ही उघडला नाहीत ना?

वेल्डर: उघडला असता तर तू आत्ता दुसऱ्या कुणाशी बोलत असतीस. डॉक्टरांशी वगैरे.

बायको: असलं बोलू नका. पण डाग बाबांचाच कशावरून?

वेल्डर: तीन आठवड्यांपूर्वी या वर्कशॉपात काय काय कुरकुरत होतं? शटर. पंखा. दोन्ही स्टुलं. कपाटाचं दार. शेजारच्या गिरणीवाल्याचं फाटक, ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही. आता काय कुरकुरतं?

बायको: तुम्ही.

वेल्डर: फक्त मी. बाकी सगळ्यांना मामांनी तेल घातलंय.

बायको: घड्याळजी माणूस आहे ते. आयुष्यभर तेच केलं. काही आवाज करायला लागलं की त्यांचा हात आपोआप जातो.

वेल्डर: तेच म्हणतोय मी. परवा रेग्युलेटरचा दाबाचा स्क्रू फिरवताना तो जरासा करकरला. मामा समोर बसले होते. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. अगदी भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसं पाहिलं. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

बायको: मग आता काय म्हणणं आहे तुमचं?

वेल्डर: माझं म्हणणं सोपं आहे. मामांनी उद्यापासून घरी बसावं.

बायको: घरी काय करतील ते?

वेल्डर: आराम करतील. वर्तमानपत्र वाचतील.

बायको: वाचून झाल्यावर? तुम्ही पाहिलेलं नाही त्यांना. दुकान बंद केल्यावर दोन महिने ते घरात एकटेच होते. मी आणायला गेले तेव्हा खिडकीशी बसले होते आणि समोरच्या इमारतीतली माणसं किती वाजता बाहेर पडतात ते मला मिनिटासकट सांगत होते.

वेल्डर: ते दुकान बंद का केलं, ते तरी मला कळू दे एकदा. दर वेळी तू विषय बदलतेस.

बायको: एकाचं घड्याळ दुसऱ्याला दिलं. एकदा झालं, त्या माणसाने दुकानात उभं राहून आरडाओरडा केला, बाबांनी माफी मागितली, संपलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. "असू दे हो काका, वय झालं" एवढंच म्हणाल्या. बाबांनी त्याच दिवशी शटर ओढलं.

वेल्डर: हं.

बायको: इथे आल्यापासून कुठे सकाळी दाढी करून तयार होतात. तुमच्याआधी चपला घालून दारात उभे असतात. आता त्यांना सांगायचं, बाबा, तुम्ही विसरून भलतंच केलंत, घरी बसा.

वेल्डर: आणि न सांगून, ते पुन्हा कधीतरी तेल घालतील त्याची वाट बघायची का? तू त्या टेबलाशी नट मोजत असतेस. सिलिंडरपासून चार हातांवर.

बायको: तेही खरंच.

वेल्डर: तिकडे बेकरीवाल्याने भट्टीचं दार टाकलंय, सकाळपासून तिसरा फोन. त्याला मी काय सांगू? सासऱ्यांनी ऑक्सिजनला तेल घातलं म्हणून पाव उशिरा?

बायको: हळू बोला. आले ते.

(सासरे आपलं स्टूल उचलून आत येतात. खिशातून तेलाची बारीक चोचीची कुपी डोकावते आहे.)

सासरे: गिरणीवाल्याचं फाटक आता कसं फिरतं बघा. वारा आला तरी उघडतं. ते बिचारे आता वीट लावून ठेवतात. काय झालं, काम बंद दिसतंय?

वेल्डर: नाही नाही मामा, बसा ना. जरा विश्रांती.

सासरे: दहा वाजता?

वेल्डर: सहज. मामा, एक विचारू का? तेलाबद्दल तुमचं काय मत आहे?

सासरे: कोणत्या तेलाबद्दल?

वेल्डर: एकूणच. तेल या विषयाबद्दल.

सासरे: चांगला प्रश्न विचारलात, जावईबापू. असं बघा, लोकांची समजूत अशी की जास्त तेल म्हणजे जास्त माया. मुळीच नाही. घड्याळाला तेल किती लागतं? सुईच्या टोकावर जेवढं टिकेल, त्याच्या निम्मं. त्याहून जास्त घातलंत तर ते पसरतं, धूळ बोलावतं, चार महिन्यांत त्याचा डिंक होतो. मी माझ्या हाताखालच्या माणसाला पहिलं वर्षभर तेलाला हात लावू दिला नव्हता.

वेल्डर: वा. आणि समजा, एखाद्या वस्तूला तेल चालतच नसेल तर?

सासरे: तर घालू नये.

वेल्डर: बरोबर. अगदी बरोबर. हेच मला म्हणायचं होतं. झालं, विषय संपला.

बायको: काही संपला नाही. बाबा, ह्यांना वाटतंय की तुम्ही ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल घातलंत.

वेल्डर: वाटतंय असं नाही मामा. म्हणजे एक शक्यता. हवेतूनही येत असेल.

बायको: हवेतून तेल येत नाही हो. बाबा, रेग्युलेटरच्या तोंडावर तेल सापडलंय. ते तसंच लावलं असतं तर स्फोट झाला असता. तुम्ही घातलंत का?

सासरे: मी?

बायको: आठवून सांगा. घाई नाही.

सासरे: परवा तो स्क्रू करकरला होता.

वेल्डर: बघ.

सासरे: माझ्या मनात आलं होतं, एक थेंब पुरेल. ते आठवतंय. मग समोरची पाटी वाचली. नियम सहा. तेल, ग्रीस, तेलकट हात, तेलकट कापड ऑक्सिजनच्या जवळ आणू नये. पाटी वाचली आणि कुपी खिशात परत ठेवली. असं मला वाटतंय.

बायको: वाटतंय, की ठेवली?

सासरे: बेबी, दुकानात मी त्या बाईंना घड्याळ देताना मलाही वाटत होतं की ते त्यांचंच आहे. अगदी खात्री होती. त्यामुळे माझ्या वाटण्याला आता काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

वेल्डर: अहो मामा, होतं कधी कधी.

सासरे: मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. केलं असेन. ही घ्या कुपी. ठेवा तुमच्याकडे. उद्यापासून मी घरीच थांबतो.

बायको: बाबा, तसं नाही हो.

सासरे: तसंच आहे. जावईबापूंचा काही दोष नाही, ते बिचारे पाच मिनिटं तेलावर व्याख्यान ऐकत बसले. स्टूल तेवढं राहू द्या, दुसऱ्या कुणाला होईल.

वेल्डर: मामा, कुपी तुमच्याकडेच असू दे. मला ती अशी हातात देऊ नका. मला कसंतरी होतं.

सासरे: धरा हो. आणि जाता जाता ते फडकं जरा दाखवा. आपण काय करून बसलो ते बघून तरी जावं. बेबी, माझं डोळ्याचं भिंग दे. शर्टाच्या वरच्या खिशात नाही, खालच्या.

बायको: हे घ्या.

सासरे: हं. उजेडात या जरा. हं.

वेल्डर: काय दिसतं?

सासरे: डाग पिवळा आहे.

वेल्डर: तेल पिवळंच असतं ना.

सासरे: तुम्हा लोकांचं असेल. माझं पाण्यासारखं असतं. या कुपीतला एक थेंब फडक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर टाकतो. घाबरू नका, सिलिंडर लांब आहे. बघा. ह्याला रंग आहे? आणि वास घ्या. आहे वास?

बायको: नाही.

सासरे: आता त्या डागाचा घ्या.

बायको: ह्याला येतोय. कसला बरं? ओळखीचा आहे.

सासरे: जावईबापू, तुम्ही घ्या बघू.

वेल्डर: मला सर्दी आहे.

सासरे: कधीपासून?

वेल्डर: आत्ताच झाली.

सासरे: असं. रात्री हा रेग्युलेटर कुठे असतो?

वेल्डर: मी रोज संध्याकाळी काढून कपाटात ठेवतो. बाकीचे वेल्डर सिलिंडरवरच ठेवून घरी जातात, आठवडाभर. मी नाही. मी काढतो, धूळ बसू नये म्हणून कपड्यात गुंडाळतो आणि कुलूप लावतो.

सासरे: किल्ली?

वेल्डर: माझ्याकडे. एकच आहे.

सासरे: आणि दिवसभर?

वेल्डर: दिवसभर सिलिंडरवर, माझ्या डोळ्यांसमोर. दुपारी तेवढा अर्धा तास मी आतल्या खोलीत असतो.

बायको: आत काय करता तुम्ही रोज? दार लावून?

वेल्डर: विश्रांती.

सासरे: पण दुपारी रेग्युलेटर सिलिंडरला घट्ट बसवलेला असतो. हा डाग तर तोंडाच्या आतला आहे, जिथे तो सिलिंडरला जोडतात तिथला. जोडलेला असताना तिथे माझी कुपी काय, माशीसुद्धा पोचणार नाही. म्हणजे तेल लागलं ते तो सुटा असताना. आणि सुटा असताना तो कुलपात, कपड्यात. कोणत्या कपड्यात?

वेल्डर: स्वच्छ कपड्यात.

बायको: कोणत्या?

वेल्डर: हा आपला. डोक्याला बांधतो तो रुमाल.

सासरे: जावईबापू, एक विचारू का? सहज. कांद्याबद्दल तुमचं काय मत आहे?

वेल्डर: मामा.

सासरे: एकूणच. कांदा या विषयाबद्दल.

बायको: कांदा. अगबाई, कांद्याचाच वास आहे हा. आठ दिवस झाले, उशीला येतोय. मला वाटलं तुम्ही बाहेर तळलेलं खाऊन येता. मी त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला जाऊन दम दिला, ह्यांना भजी देऊ नका, डॉक्टरांनी बंद केलीत. तो बिचारा शपथा घेत होता.

वेल्डर: तू हॉटेलात गेलीस?

बायको: दोनदा. तो रुमाल काढा डोक्यावरचा.

वेल्डर: आत्ता कशाला?

बायको: काढा.

सासरे: राहू दे बेबी. माणसाला थोडं खासगी काही असू शकतं.

बायको: बाबा, तुम्ही मधे पडू नका. ही चमक कसली आहे डोक्यावर?

वेल्डर: सलूनवाल्याने दिलंय. कांद्याचं तेल. पुढून विरळ होत चाललेत म्हणाला. तीन महिन्यांत फरक पडतो म्हणाला. घरी लावलं असतं तर तू हसली असतीस.

बायको: मी कशाला हसू?

वेल्डर: आत्ता हसतेयस.

बायको: आत्ताचं वेगळं. म्हणून दुपारी दार लावून आत.

वेल्डर: पाच मिनिटं मालिश, पंचवीस मिनिटं मुरवायचं. मग रुमाल बांधायचा. हात मात्र मी साबणाने दोनदा धूत होतो हं. नखांसकट.

सासरे: हात धुतलेत. रुमाल धुतला नाहीत.

वेल्डर: रुमाल कोण रोज धुतं.

सासरे: तो दिवसभर डोक्यावर तेल पितो, आणि रात्री तुम्ही मायेने त्यात रेग्युलेटर गुंडाळून ठेवता. कुलपात. धूळ बसू नये म्हणून.

बायको: नियम सहा. तेलकट कापड. अक्षर कुणाचं आहे पाटीवर?

वेल्डर: माझंच आहे.

बायको: आठ दिवस झाले ना हे तेल लावताय?

वेल्डर: आज नववा.

बायको: म्हणजे आठ दिवस तुम्ही रोज सकाळी तो तसाच लावलात. आणि मी इथे नट मोजत बसले. आणि बाबा त्या स्टुलावर.

वेल्डर: हो.

बायको: आणि तुमचं तोंड तर रोज त्याच्यासमोरच.

वेल्डर: थांब. बसू दे मला. मामा, तुमचं स्टूल घेतो.

सासरे: बसा. पाणी आण गं त्यांना. आणि त्यांना काही बोलू नकोस आता, त्यांचं त्यांना कळलंय. जावईबापू, याचं पुढे काय करायचं असतं?

वेल्डर: रेग्युलेटर लावायचा नाही. आपण घासायचा नाही, पुसायचा नाही. चिठ्ठी बांधायची, "तेल लागलंय, वापरू नये" आणि दुरुस्तीवाल्याकडे पाठवायचा. तो उघडून आतून साफ करेल, नाही जमलं तर भंगारात. नळी पण. कटिंगची ज्योत निघते तो टॉर्च पण दाखवून घ्यावा लागेल.

बायको: आणि नवा सिलिंडर?

वेल्डर: त्याला काही लागलेलं नाही, जोडलाच नव्हता. टोपी लावून ठेवतो. दुसरा रेग्युलेटर मिळेपर्यंत कटिंग बंद.

बायको: बेकरीवाल्याला मी फोन करते. दार परवा.

वेल्डर: कारण काय सांगशील?

बायको: कांदा सांगत नाही, घाबरू नका. रेग्युलेटर दुरुस्तीला गेलाय, एवढंच.

वेल्डर: आणि तो रुमाल?

बायको: तो मी जपून ठेवणार आहे. पुढच्या वेळी कुणाला बिडीसकट रस्त्यावर न्याल, तेव्हा दाखवायला.

सासरे: बेबी.

बायको: बरं, धुऊन टाकते.

वेल्डर: मामा, मी चुकलो. तुमच्यावर उगाच आळ घेतला. आणि तोही तुमच्या पाठीमागे, इथे उभं राहून अर्धा तास.

सासरे: समोर तुम्ही तेल या विषयावर विचारलंत. ते चांगलं होतं.

वेल्डर: हसू नका ना. ही कुपी घ्या तुमची. उद्या येणार ना तुम्ही?

सासरे: बघू.

वेल्डर: बघू नका, या. मला इथे माणूस हवंय. सकाळी रेग्युलेटर लावण्याआधी त्याचं तोंड भिंगातून बघायला. माझे डोळे एवढं बारीक बघत नाहीत, हे सिद्धच झालं. फडक्याने पुसूनसुद्धा आठ दिवस मला दिसलं नाही.

बायको: पुसत तरी होतात का रोज?

वेल्डर: रोज नाही. नवा सिलिंडर आला की.

सासरे: रोज पुसायला हवं. आणि रेग्युलेटर ठेवायला झाकणाचा डबा. कापड नकोच. माझ्याकडे घड्याळांचे पत्र्याचे डबे पडलेत, त्यातला एक बसेल. आधी सोड्याच्या पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून. त्यालाही वर्षानुवर्षांचं तेल असेल.

बायको: म्हणजे येणार तुम्ही.

सासरे: थांब जरा. आधी मला एकदा नीट सांगा, दोघांनीही. परवा मी कुपी खरंच खिशात परत ठेवली होती?

वेल्डर: ठेवली होती, मामा. स्क्रू बघा, अजून कोरडाच आहे, करकरतोय.

सासरे: आणि काल? आज सकाळी?

बायको: नाही बाबा. एकदाही हात लावला नाहीत तुम्ही.

सासरे: म्हणजे मला जे आठवत नव्हतं, ते झालंच नव्हतं.